पडद्यासमोर बसलेलं मूल काय करतंय?

चौथीच्या वर्गात मी फळ्यावर दोन अपूर्णांक लिहिले, १/३ आणि १/४, आणि विचारलं, ‘यातला मोठा कोणता?’ हा प्रश्न मी आजवर बऱ्याच वर्गांत विचारला आहे आणि दर वेळी बरीच मुलं १/४ म्हणतात. त्यांचा हिशेब सरळ असतो, तिनापेक्षा चार मोठे. पण हात वर करायला सांगितलं तर ही चूक शिक्षकाला दिसतच नाही. प्रत्येक वर्गात एक-दोन मुलं अशी असतात की ज्यांचं सहसा बरोबर येतं. बाकीच्यांची नजर आधी त्यांच्याकडे जाते. त्यांचा हात वर गेला की वर्गभर हात वर होतात. ‘सगळ्यांना आलं’ असं समजून आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. ज्यांना कळलेलं नसतं ती मुलं तशीच पाचवीत जातात आणि अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली की त्यांना ‘गणितात कच्ची’ म्हटलं जातं.

त्या दिवशी मी प्रत्येकाच्या हातात एकेक कागदी कार्ड दिलं. ‘प्लिकर्स’ नावाचं ॲप आहे, त्याची ही कार्डं साध्या कागदावर छापून घेता येतात. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांची वेगळी नक्षी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरं अगदी बारीक छापलेली असतात. आपल्याला पटलेलं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शेजारच्याला त्या नक्षीवरून काही उमगत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं बघून आपलं कार्ड फिरवता येत नाही. सगळी कार्डं वर आल्यावर मी फोनचा कॅमेरा वर्गावरून हळूहळू फिरवला. कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर नावासकट उमटत गेलं. अठ्ठावीस मुलांपैकी नऊ जणांचं बरोबर होतं.

बरोबर उत्तर मी सांगितलं नाही. ‘शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला तुमचं पटवून द्या,’ एवढंच म्हटलं. वर्गात गलका झाला. खिडकीपाशी बसलेली एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, ‘अगं, आम्ही तिघं एक भाकरी वाटून घेतो तेव्हा मला मोठा तुकडा येतो. दादा आला की चौघांत वाटायची. मग माझा तुकडा बारका नाही का होत?’ मैत्रीण थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिनं आपलं कार्ड फिरवलं. दुसऱ्यांदा फोन फिरवला तेव्हा तेवीस जणांचं बरोबर आलं. उरलेल्या पाच जणांची नावं माझ्यासमोर होती. दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर त्या पाचांना घेऊन बसले, कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या घेतल्या, घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग केले, दुसरीचे चार. चौघांना लगेच कळलं, पाचव्याला आणखी दोन दिवस लागले.

या सगळ्या खटाटोपात यंत्र म्हणावं असं एकच होतं, शिक्षकाचा फोन, आणि तोही काही मिनिटांपुरता. मुलांच्या हातात कागदच होते. तरीही तंत्रज्ञानाचा इतका नेमका उपयोग मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. वर्गातल्या यंत्राचा फायदा होतोय की नाही हे ठरवायचं असेल तेव्हा मी पडद्याकडे बघत नाही, मुलाकडे बघते. ते नुसतं पाहत बसलंय की विचार करून काही उत्तर देतंय? आणि त्याच्या उत्तरामुळे शिक्षक उद्या काही वेगळं करणार आहे का?

आधी प्रश्न, मग ज्याचं त्याचं उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद आणि पुन्हा उत्तर, ही रीत काही माझी नव्हे. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१पासून ती आपल्या वर्गात रुजवली. आपले विद्यार्थी सूत्रं घालून अवघड गणितं सोडवतात, पण बल आणि गती यांबद्दलच्या अगदी साध्या प्रश्नांवर चुकतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांचा अनुभव असा की पहिल्या फेरीत साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील तेव्हा चर्चेचा सर्वाधिक लाभ होतो. त्याहून कमी असतील तर चर्चा व्यर्थ, विषय पुन्हा शिकवायचा, आणि जवळजवळ सगळ्यांचं बरोबर असेल तर वेळ न दवडता पुढे जायचं. अमेरिकेत या पद्धतीसाठी ‘क्लिकर’ नावाची बटणांची छोटी यंत्रं मुलांच्या हाती देतात. कॅनडातले नॅथॅनिएल लॅसरी यांनी एका वर्गाला क्लिकर आणि दुसऱ्या वर्गाला साधी कार्डं देऊन तुलना केली आणि २००८मध्ये निष्कर्ष छापला. दोन्ही वर्गांच्या शिकण्यात फरक नव्हता. शिकण्यातली वाढ पद्धतीमुळे होती. यंत्राची भर पडते ती नोंदीच्या बाबतीत, कोण कुठे अडलं हे ते विसरत नाही.

यंत्र आणलं की शाळा सुधारेल ही आशा फार जुनी आहे. शाळेतली पुस्तकं लवकरच निरुपयोगी ठरतील आणि चित्रपट सगळं शिकवतील, असं एडिसननं १९१३मध्येच सांगून टाकलं होतं. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. आपल्या देशात १९७५-७६मध्ये ‘साइट’ या प्रयोगातून अमेरिकेच्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांसाठी कार्यक्रम दाखवले गेले. पुण्यात १९८४मध्ये ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीतून विचार करून केलेले कार्यक्रम तिथे तयार होत, आणि ती संस्था २०१७मध्ये बंद पडली याची हळहळ मला आजही वाटते. पण टीव्हीवरच्या कार्यक्रमाला एक मर्यादा होतीच. मुलाला कळलं नाही तरी कार्यक्रम पुढे जायचा, कारण त्याला थांबवता येत नव्हतं आणि काही विचारता येत नव्हतं.

मग लॅपटॉप आले. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७मध्ये आपल्याकडेच झाला, रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या एका छोट्या एकशिक्षकी शाळेत. या मोहिमेत सगळ्यात मोठी उडी घेतली ती पेरू देशानं. तिथे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले गेले. २०१२मध्ये तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. मुलांना लॅपटॉप मिळाले होते आणि ती ते वापरतही होती, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काहीही वाढ दिसली नाही. त्या यंत्रानं काय शिकवायचं आणि शिक्षकानं त्याचं काय करायचं, याचा विचार यंत्राच्या खरेदीइतका झाला नव्हता.

आता एक प्रयोग जरा सावकाश सांगते, कारण तो आपल्या शेजारच्या राज्यातला आहे आणि माझ्या मते प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीनं तो समजून घ्यायला हवा. गुजरातेत ‘ज्ञानशाला’ ही संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी कमी खर्चाचे वर्ग चालवते. तिथल्या दुसरी-तिसरीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताच्या सरावाचा कार्यक्रम आणला गेला. काही वर्गांत तो शाळेच्या वेळात ठेवला, म्हणजे मुलं शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणकासमोर बसत. काही वर्गांत तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर ठेवला, म्हणजे शिक्षिकेचा तास शाबूत राहिला आणि संगणक जादा मिळाला. ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकून वर्ग निवडले आणि २००८मध्ये निकाल मांडला.

निकालाचे आकडे संख्याशास्त्राच्या भाषेत आहेत, ते असे समजून घेऊ. शंभर मुलं गुणांच्या क्रमानं रांगेत उभी केली आहेत, सर्वांत कमी गुणांचं मूल पहिलं. त्यात मधोमध, पन्नासाव्या जागी एक सर्वसाधारण मूल आहे. शाळेच्या वेळेबाहेर संगणक मिळालेलं असं मूल सुमारे एकसष्टाव्या जागेवर गेलं. शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणक मिळालेलं मूल सुमारे अठ्ठाविसाव्या जागेवर घसरलं. संगणक तोच, त्यावरचा कार्यक्रम तोच, मुलंही त्याच थरातली. ज्ञानशालेत शिक्षिका मुळातच नेटकं शिकवत होत्या. त्यांच्याकडून काढून घेतलेल्या तासाची भरपाई यंत्राला करता आली नाही.

म्हणून ‘शाळेत टीव्ही लावला’ ही बातमी वाचली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, तो कोणत्या तासाला लावतात? गुरुजी टपाल घेऊन केंद्रशाळेत गेलेत, दुसरे गुरुजी दोन वर्ग सांभाळताहेत, म्हणून तिसरीच्या मुलांसमोर कवितांचे व्हिडिओ लावून ठेवलेत, हे दृश्य द्विशिक्षकी शाळांत नवीन नाही. यात त्या गुरुजींना दोष देता येणार नाही. पण त्या तासाला शिक्षणाचं नाव देऊ नये.

यंत्र खरोखर उपयोगी पडतं ते कुठे, याचं उत्तर दिल्लीतल्या एका अभ्यासात मिळतं. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा हा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांतली सहावी ते नववीची ६१९ मुलं त्यात होती. चाचणी घेतल्यावर दिसलं की सहावीतलं सर्वसाधारण मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे आहे आणि नववीतलं सुमारे साडेचार इयत्ता. नववीच्या वर्गात बैजिक राशी शिकवल्या जाताहेत आणि समोरचं मूल अजून भागाकाराशी झगडतंय, असा हा प्रकार. त्यातही सगळी मुलं सारखी मागे नसतात. एकाच वर्गात चार-पाच इयत्तांच्या पातळीची मुलं शेजारी-शेजारी बसलेली असतात. पस्तीस मिनिटांच्या तासात एका शिक्षकानं या सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या पायरीवर भेटायचं कसं?

या मुलांतल्या निम्म्या जणांना चिठ्ठ्या टाकून शाळेनंतरच्या केंद्रावर बोलावलं गेलं. तिथे ४५ मिनिटं ‘माइंडस्पार्क’ हा संगणकीय कार्यक्रम आणि ४५ मिनिटं लहान गटात शिक्षकाबरोबर अभ्यास. कार्यक्रम आधी मूल कोणत्या पायरीवर आहे ते तपासतो आणि तिथूनच प्रश्न विचारायला लागतो. चूक झाली तर ती कोणत्या प्रकारची आहे हे बघून पुढचा प्रश्न ठरवतो. साडेचार महिन्यांनी पन्नासाव्या जागेवरचं मूल गणितात सुमारे चौसष्टाव्या आणि हिंदीत सुमारे एकोणसाठाव्या जागेवर गेलं. मला सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट मात्र दुसरी आहे. केंद्रावर न गेलेल्या मुलांपैकी तळाच्या एक तृतीयांश मुलांची त्या काळात जवळजवळ काहीच प्रगती झाली नव्हती. ती रोज दप्तर घेऊन शाळेत गेली, वर्गात बसली, वही लिहिली, आणि जिथे होती तिथेच राहिली. तळाची जी मुलं केंद्रावर गेली, ती पुढे सरकली.

इथे यंत्र असं काम करत होतं जे चाळीसच्या पटात एका माणसाला जमणं कठीण. प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीचा प्रश्न, आणि चुकलं तर चारचौघांत हसं न होता पुन्हा संधी. शिक्षकही सोबत होताच. आपल्याकडे हातच्याची वजाबाकी न आलेलं मूल सातवीत असतं आणि त्याला सातवीच्या धड्याचा सुंदर ॲनिमेटेड व्हिडिओ दाखवला जातो. चित्रं कितीही गोड असली तरी धडा त्याच्या डोक्यावरूनच जातो.

व्हिडिओबद्दल आणखी थोडं बोलायला हवं, कारण आपल्या ‘डिजिटल’ शाळांत वापर मुख्यतः त्याचाच आहे. पुन्हा पुन्हा पाहिल्यानं किंवा वाचल्यानं आपल्याला ‘येतंय’ असा भास होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये एक प्रयोग केला. एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचला आणि मग पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणून व्हिडिओ दाखवायचा तर दर दोन-तीन मिनिटांनी थांबवावा, पडदा झाकावा आणि मुलांना पाटीवर लिहायला सांगावं, आत्ता काय झालं? पुढे काय होईल? पाटीइतकं चांगलं उत्तरयंत्र मला अजून सापडलेलं नाही. सगळ्यांच्या पाट्या एकदम वर आल्या की वर्ग वाचता येतो.

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी चित्र आणि शब्द यांच्या मेळाचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. नाचणारी अक्षरं, मागचं संगीत, मधूनच डोकावणारा कार्टूनचा ससा, अशी विषयाशी संबंध नसलेली सजावट शिकण्यात अडथळा आणते, असं त्यांना दिसलं. पडद्यावर लिहिलेला मजकूरच मोठ्यानं वाचून दाखवल्यानंही नुकसान होतं. मुलांसाठी व्हिडिओ बनवणाऱ्या आपल्या उत्साही शिक्षकांनी एवढं जरी पाळलं तरी फरक पडेल.

पडदा मग दाखवायला वापरूच नये का? जरूर वापरावा, पण जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवायला. अंगणात कडुनिंब उभा असताना संयुक्त पानाचा फोटो पडद्यावर कशाला? मुलांना बाहेर न्यावं. याउलट तारेतून वाहणारी वीज कुठे बघणार? नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी २००२मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. विज्ञानाची आभासी खेळणी त्यात आहेत, फुकट आहेत आणि त्यातली अनेक मराठीतही मिळतात. त्यातलं विद्युत परिपथाचं खेळणं मी सातवीच्या वर्गात वापरलं. एका सेलला दोन बल्ब एकापुढे एक जोडले तर दुसरा बल्ब मंद लागेल, असं बहुतेक मुलांना वाटतं. पहिल्यानं वीज ‘खाल्ली’, मग दुसऱ्याला कमीच उरणार. मुलांना आधी अंदाज वहीत लिहायला लावला. मग एका मुलानं माउसनं तारा ओढून परिपथ पुरा केला. तारेतले निळे ठिपके एकाच वेगानं दोन्ही बल्बांतून गेले आणि दोन्ही बल्ब सारखेच उजळले. मागच्या बाजूनं आवाज आला, ‘बाई, हे कंप्युटरातलं आहे. खरं करून बघू.’ टॉर्चचे सेल, दोन सारखे बल्ब आणि तारा काढल्या. खरंही तसंच झालं. त्या मुलाची शंका मला त्या दिवसातली सर्वांत मोलाची वाटली.

महाराष्ट्रात या सगळ्यासाठी जमीन तयार आहे. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाली, त्यानंतर गावोगावच्या शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टीव्ही घेतले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आणले, ते पुढे राज्यभरच्या पुस्तकांत गेले, आणि २०२०मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. घरी फोनही आहेत. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४च्या देशभरातल्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित काही फोनवर केलं असं सांगणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमं वापरली असं सांगणारी ७६ टक्के.

अडचणी वेगळ्याच ठिकाणी आहेत. वीजबिल थकलं म्हणून जोडणी तोडलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. तिथला टीव्ही कपड्यानं झाकून ठेवलेला असतो. एका शाळेत टॅबची पेटी ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद होती, कारण फुटला तर भरून कोण देणार? आणि शिक्षकाचा फोन, ज्यानं माझ्या वर्गात त्या पाच मुलांची नावं दाखवली, तोच फोन दिवसभर ‘माहिती तातडीने भरावी’ अशा संदेशांनी वाजत असतो. शिक्षकाच्या हातातलं यंत्र शिकवण्यासाठी मोकळं ठेवणं ही तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्यांची जबाबदारी आहे, आणि तिला एक रुपयाही खर्च येत नाही. शिवाय शिक्षकांची प्रशिक्षणं बहुतेक वेळा ‘हे बटण दाबलं की हे उघडतं’ इथेच संपतात. कोणत्या धड्याला मुलं कुठे चुकतात आणि तिथे कोणता प्रश्न विचारायचा, यावर शिक्षण परिषदेत दोन तास बोलणं झालं तर ते जास्त कामाचं.

तुमच्या गावच्या शाळेत टीव्हीसाठी किंवा पॅनेलसाठी वर्गणी मागायला आले तर हात आखडता घेऊ नका. पण महिन्यानं शाळेत एक चक्कर मारा. टीव्ही सुरू आहे का, ते विचारू नका. चौथीतल्या एखाद्या मुलाला जवळ बोलावून विचारा, ‘१/३ मोठा की १/४?’ उत्तर काहीही आलं तरी पुढचा प्रश्न विचारा, ‘कशावरून?’ आणि मग गुरुजींना किंवा बाईंना विचारा की ज्यांना हे अजून येत नाही अशा मुलांची नावं त्यांच्याकडे आहेत का, आणि त्या मुलांसाठी उद्या काय करणार आहेत. त्यांना त्यासाठी वेळ मिळत नसेल, तर तो मिळवून देण्याची मागणी पुढच्या ग्रामसभेत करा.